सील नवीनच बसवा
(दुर्गाघाट, वाराणसी येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या मेळाव्यात केलेले भाषण)

वेतन आयोगावर तुम्ही खूप ऐकले आहे. आज दुसरे बोलतो. मघाशी एका पोस्टमन साथीने विचारले, "साहेब, जुनी बुलेट खोलली आहे. रिंगा-गॅस्केट घरीच बसवू का?"

जरूर बसवा, पण घाई नको. त्या ३५० सीसी बुलेटचा सिलिंडर ७० मिलिमीटर व्यासाचा. नवी रिंग आधी नुसती सिलिंडरात घाला, पिस्टनने ढकलून सरळ करा आणि तोंडाची फट फिलर गेजने मोजा. ०.३० मिलिमीटरच्या आसपास हवी. फटच नसेल तर रिंग तापून फुगते, टोके भिडतात, सिलिंडरला ओरखडे पडतात. रिंगांची तोंडे एका रेषेत ठेवू नका. दाब तिथूनच निसटतो. खालचे गॅस्केट कागदाचे, किंमत किरकोळ, पण त्याची भोके बैठकीशी जुळली पाहिजेत. जुने खरवडताना क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडके कोंबा.

तरुणपणी मी जुनेच गॅस्केट पुन्हा लावले होते. आठवड्यात ऑइल झिरपून मागच्या टायरवर गेले आणि पहाटेच्या ड्यूटीला जाताना वळणावर मी आडवा! गुडघा अजून दुखतो.

आपल्या रेल्वेतही हेच. याच शहरातल्या डिझेल कारखान्यातून १९६४ साली पहिले इंजिन बाहेर पडले. २०२० पासून त्याचे नाव बनारस रेल इंजिन कारखाना. तिथल्या डब्ल्यूडीएम-२ इंजिनाला सोळा सिलिंडर. बुलेटचा सिलिंडर वाऱ्याने थंड होतो, इथे लायनरभोवती पाणी खेळते. ते खाली उतरू नये म्हणून लायनरला रबरी सील. सील गेले की पाणी ऑइलमध्ये, आणि मग बेअरिंग खलास.

मी शेडमध्ये फिटर असताना एकदा स्टोअरमध्ये सील नव्हते. वरून हुकूम आला, जुनेच बसवा, इंजिन बाहेर काढा. आमच्या वयस्क मिस्त्रींनी पाना खाली ठेवला. म्हणाले, "लेखी द्या." लेखी कोण देतो? इंजिन वाटेत बसले असते तर चार्जशीट मिस्त्रींनाच मिळाली असती. संध्याकाळपर्यंत दुसऱ्या शेडमधून नवे सील आले!

तेव्हा शेडमधल्या साथींनो, सामान नसेल तर रजिस्टरात तशी नोंद करा, तारीख घाला, सही घ्या आणि एक प्रत शाखेत आणून द्या.

आणि पोस्टमनभाऊ, सभा संपली की सिलिंडर आणि रिंगा पिशवीत घालून इथेच आणा. फिलर गेज माझ्या बॅगेत आहे.