दोन तबकड्यांची लढाई

सुस्पष्ट चित्रपट घरबसल्या दाखविणाऱ्या दोन तबकड्या २००६ साली बाजारात उतरल्या: तोशिबाची एचडी डीव्हीडी आणि सोनीप्रभृतींची ब्लू-रे. आकार एकच, वाचणारा किरणही निळसर जांभळाच. परंतु एकीच्या यंत्रात दुसरी चालत नसे. जानेवारी २००८ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने केवळ ब्लू-रेचा पक्ष घेतला आणि १९ फेब्रुवारीस तोशिबाने माघार जाहीर केली. हौसेने एचडी डीव्हीडीचे यंत्र घेणाऱ्यांना मग नवे चित्रपट मिळेनासे झाले.

गोव्यात पेडणे-डिचोलीकडील घरांत ह्या लढाईची झळ फारशी पोहोचली नाही. तेथे साध्या व्हीसीडीचे राज्य होते. चित्र धूसर, तीन तासांचा चित्रपट दोन-तीन तबकड्यांत तुटलेला; पण ती स्वस्त आणि डीव्हीडीच्या यंत्रातही चालणारी. दोन धनाढ्य भांडत असता गाठीचा पैसा न सोडणाऱ्या ग्राहकाला मागासलेला कोण म्हणेल? पुढे भ्रमणध्वनी आला नि ब्लू-रेची गरजच उरली नाही.

मात्र दशावतारी खेळ, लग्ने, बाप्तिस्मे ह्यांची घरगुती चित्रणे त्या साध्या तबकड्यांवरच आहेत. त्यांतील रंगद्रव्याचा थर उन्हाने, दमटपणाने विटतो. आणि नव्या संगणकांना तबकडीचा खण बहुधा नसतोच.