आंखडलेले स्नायू आणि उपचारकाचे हात

अवघडलेला सांधा ओढून मोकळा करण्याचा उद्योग आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. प्लास्टर निघालें कीं मुलाचा ताठलेला कोपर कोणी वडीलधारें माणूस तेल लावून चोळतें, दोन्ही हातांनीं सरळ करूं पाहतें, आणि मूल रडलें तर थोडें सोसलेंच पाहिजे अशी त्याची समजूत घालतें. हेतु चांगला, पण दुखावलेल्या कोपराला अशी बळजोरी केली तर भोंवतालच्या स्नायूंत नवें हाड धरूं लागण्याचें भय असतें. कालांतरानें आपण होऊन सुटला असता तो सांधा मग कायमचा अडून बसतो.

फिजिओथेरपिस्टहि ओढतोच, मग भेद कोणता? कचेरींत दिवसभर बसून मांडीमागची 'शीर' आंखडली, अशी तक्रार आपण ऐकतों. वस्तुतः ती शीर नव्हे, स्नायू होय. उपचारक रोग्यास उताणें निजवून त्याचा पाय, गुडघा न वांकवितां, सावकाश वर नेतो. ओढ लागली कीं तेथेंच थांबतो, आणि रोग्यास टांच आपल्या हातावर खालीं दाबावयास सांगतो. पांच-सात सेकंद हलकेंच दाबणें, मग अंग सैल सोडणें. त्यानंतर तोच पाय बोटभर अधिक वर जातो! रोग्याच्या स्वतःच्या बळाचा असा उपयोग करण्याची पद्धति अमेरिकेंत हर्मन कॅबट या डॉक्टरांनीं १९४० नंतरच्या दशकांत बसविली. दाबल्यानंतर स्नायू प्रतिक्षिप्त क्रियेनें ढिला पडतो, असें पूर्वीं मानीत. आतां मज्जासंस्थेची ताण सोसण्याची तयारी वाढते, या कारणावर अधिक भर आहे. मला हेंच पटतें, कारण भ्यालेल्या रोग्याचा स्नायू कितीहि ओढला तरी सुटत नाहीं.

या विद्येचें भारतांतील पहिलें विद्यालय परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत १९५२ सालीं, मुंबईची महापालिका, भारत सरकार व जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्यानें निघालें. त्या काळीं पोलिओचें थैमान होतें. त्या रोगांत एका बाजूचे स्नायू लुळे पडत आणि दुसऱ्या बाजूचे सशक्त स्नायू सांधा आपल्याकडे खेंचून घेत; पोटरी आंखडून टांच उचलली गेली कीं मूल चवड्यावर चालूं लागे. तेथें रोजच्या रोज हातानें ताण देण्यावांचून गत्यंतर नसे.

पोलिओ गेला, परंतु अर्धांगवायूचे रोगी गिरगांव-दादरच्या घरोघरीं आहेत. त्यांचा लुळा हात धरून ओढूं नये, काखेंत हात घालून त्यांना उठवूं नये. सैल पडलेला खांदा त्यानें खोबणींतून खालीं उतरतो. घरीं कोणती हालचाल, कोठवर करावी, हें उपचारकाकडून आपल्या समक्ष करवून पाहून घ्यावें. ताण दिल्यावर दुसऱ्या दिवशीं ठणका वाढला, तर आदल्या दिवशीं जोर अधिक झाला असें समजून त्यास तसें कळवावें.