अस्वल झोपत नाही, खार झोपते

मी वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवीचा. संत सेवालाल महाराजांची समाधी, रामनवमीची यात्रा आणि चैत्रातलं ऊन, एवढी आमच्या गावाची ओळख पुरते. तिथल्या माणसानं मिनेसोटात येऊन तुम्हाला शीतनिद्रेबद्दल सांगायचं, म्हणजे धाडसच. पण आमच्याकडचं अस्वल हिवाळ्यात झोपत नाही, इथूनच विषय सुरू होतो. बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात थंडीतही त्याला वाळवी मिळते, बोरं मिळतात. ते कशाला झोपेल? खरा प्रश्न थंडीचा नसतो, पोटाचा असतो. उलट, ऊब असूनही झोपणारे आहेतच. लांब शेपटीची वटवाघळं आपल्याकडे जुन्या किल्ल्यांत, लेण्यांत राहतात. इस्राएलमध्ये त्यांचेच भाऊबंद २० अंशांच्या उबदार गुहांत हिवाळाभर निपचित पडून असतात. दोन श्वासांमध्ये पंधरा ते तीस मिनिटं जातात.

आता तुमच्या अंगणातली तेरा पट्ट्यांची खार. तुमच्या विद्यापीठाचा तो 'गोफर' म्हणजे हीच. उन्हाळाभर खाऊन ती गुटगुटीत होते आणि बिळात शिरते. मिनिटाला दोन-तीनशे ठोके देणारं हृदय पाच-दहा ठोक्यांवर येतं, अंगाचं तापमान पाच-सहा अंशांपर्यंत उतरतं, ऊर्जेचा खर्च नेहमीच्या दोन ते पाच टक्के उरतो. अंग गार पडलं म्हणून खर्च घटला, असं आपण सहज म्हणू. पण क्रम उलटा आहे: आधी खर्च कापला जातो, मग अंग गार पडायला लागतं. विदर्भातल्या माणसाला हे भारनियमन लगेच कळतं. वीज आपोआप जात नाही; कुठला फीडर कधी बंद करायचा हे कुणीतरी बसून ठरवत असतं.

या ठरवण्यातला एक धागा नॉर्थ कॅरोलिनात सापडला. १९९८ मध्ये संशोधक मॅथ्यू अँड्र्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांना या खारीच्या हृदयात, ऐन शीतनिद्रेत, दोन जनुकं जोरात चाललेली दिसली. पहिलं पीडीके४ नावाचं विकर बनवतं. साखरेपासून झालेल्या पायरुव्हेटचं ज्वलन व्हायचं तर पायरुव्हेट डिहायड्रोजनेज हे विकर चालू असावं लागतं. पीडीके४ त्याला फॉस्फेट चिकटवतं आणि त्याचं काम थांबवतं. साखर वाचते, हृदय चरबीवर चालतं. दुसरं जनुक चरबी फोडणाऱ्या लायपेजचं, आणि तेही स्वादुपिंडातल्या! ते हृदयात काय करतंय? तर हे लायपेज शून्य अंशाजवळही काम सोडत नाही.

मला स्वतःला याहून नवल वाटतं ते स्नायूंचं. माणूस महिनाभर खाटेवर पडला की त्याच्या मांड्या वाळतात. ही खार पाच-सहा महिने न खाता-हलता काढते, तरी वसंतात धावत सुटते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात याचा एक भाग उलगडला: तिच्या आतड्यातले जिवाणू युरिया फोडतात आणि त्यातल्या नायट्रोजनपासून ती पुन्हा प्रथिनं घडवते. एरवी लघवीतून जायचा तो माल!

आणि एवढी काटकसर करणारी ही बया दर आठ-पंधरा दिवसांनी उठते. खांद्यांच्या मध्ये तपकिरी चरबी असते; तिथल्या मायटोकाँड्रियात यूसीपी१ हे प्रथिन प्रोटॉनना आडवाटेनं आत सोडतं, त्यामुळे पेशीचं इंधन, म्हणजे एटीपी, न बनता थेट उष्णता निघते. आधी छाती आणि डोकं तापतं, मागचे पाय बराच वेळ गारच. दोन-तीन तासांत अंग ३७ अंशांवर! हिवाळ्यातली निम्म्याहून जास्त ऊर्जा या उठण्यापायी जाते.

मग उठून ती करते काय? बहुतेक वेळ झोपते. इतक्या गार मेंदूत खरी झोप लागतच नाही; ती थकबाकी ऊब आल्यावर फेडावी लागत असावी, असा एक अंदाज आहे. ती फिटली, की खार पुन्हा गार पडायला मोकळी.