रुग्णाचा हक्क आणि भिंतीवरचा फलक



आपला वारंगा फाटा म्हणजे तीन वाटांचे गाव. एक रस्ता नांदेडला, एक हिंगोलीला आणि एक हदगाव-उमरखेडवरून यवतमाळला जातो. घरात कोणी आजारी पडले की याच फाट्यावर उभे राहून आपण ठरवतो, पेशंट कुठे न्यायचा? खिशात किती आहे, ओळखीचे कोण आहे, एवढेच आपण पाहतो. त्या दवाखान्याची तपासणी झाली आहे काय, आणि काही चुकले तर दाद कुठे मागायची, हे आपण विचारीत नाही. आज आम्हाला त्याविषयीच बोलायचे आहे.

खाजगी दवाखान्यांसाठी आपल्या राज्यात १९४९ सालापासून कायदा आहे. त्याचे नाव शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम. आपण ज्याला नर्सिंग होम म्हणतो तेच हे शुश्रूषागृह. नोंदणीशिवाय ते चालवता येत नाही, नोंदणीचे प्रमाणपत्र ठळक जागी लावावे लागते, आणि तपासणीचा अधिकार शासनाने नेमलेल्या प्राधिकाऱ्याला आहे. २०२१ साली या कायद्याच्या नियमांत मोठी सुधारणा झाली. रुग्णांच्या हक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. तक्रार निवारण कक्ष आणि टोल फ्री क्रमांक यांचीही तरतूद झाली. बिल थकले म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही, हेही त्या नियमांत आहे.

मित्रहो, नियम चांगले आहेत; पण साहेब येऊन तपासणी करून गेले, अहवाल फाईलमध्ये बंद झाला, तर खाटेवर पडलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग? ज्याच्यासाठी तपासणी, त्यालाच तिचा निकाल कळत नसेल तर ती अर्धीच झाली. आणि तक्रारीचा क्रमांक माहीत नसलेल्याला तक्रारीचा हक्क कागदावरच राहतो.

मग राग उरतो. रागाच्या भरात काचा फुटतात, डॉक्टरांवर हात उचलला जातो. २०१० च्या कायद्याने त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. दगड मारणारे पोर आपलेच असते. तुरुंगात तेच जाते, आणि मूळ तक्रार कायमची बुडते. शिवाय रात्रंदिवस राबणाऱ्या डॉक्टर-नर्सवर हात टाकणे हा अन्यायच आहे. लेखी तक्रारीने दोन्ही बाजूंची शहानिशा होते.

म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवा. दवाखान्यात शिरताच नोंदणी प्रमाणपत्र, दरपत्रक आणि हक्कांची सनद कुठे आहे ते पाहा. तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. उपचाराची कागदपत्रे मागा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या विनियमांप्रमाणे मागणीनंतर ७२ तासांत ती मिळाली पाहिजेत. आणि तपासणी अहवाल हवा असेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली नोंदणी करणाऱ्या शासकीय कार्यालयात अर्ज करा. फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालील माणसाला माफ, मुदत ३० दिवस. अर्ज दवाखान्याकडे नव्हे, शासकीय कार्यालयाकडे करावयाचा, हे विसरू नका.

रुग्ण स्वतः तक्रार करायला भितो. उपचार चालू असताना डॉक्टर नाराज होतील, अशी त्याला धास्ती असते. ज्या आजीला अक्षर येत नाही, तिला तर भिंतीवरची सनदही मुकीच. इथे विद्यार्थ्यांचे काम आहे. तुम्ही शिकलात ते केवळ नोकरीसाठी नव्हे. गावातला पेशंट निघाला की सोबत एक वही घेऊन जा, फलक मोठ्याने वाचून दाखवा, अर्ज लिहून द्या. सोसायटीनेही अशा अर्जांचे नमुने कार्यालयात ठेवावेत, ही आमची नम्र विनंती आहे.

आपण भांडायला जात नाही, विचारायला जातो. विचारणारा माणूस दारात उभा आहे हे कळले की भिंतीवरचा फलकही पुसून स्वच्छ ठेवला जातो. एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो.

जय भीम!