मोठे कुटुंब, घरकाम आणि शाळेची घंटा



येवला तालुक्यातील आपापल्या शाळेचा हजेरीपट जरा निरखून पाहावा. घंटेनंतर येणारी मुले बहुधा ठरावीकच असतात, आणि मोठ्या कुटुंबातील थोरली मुलगी त्यांत हटकून सापडते. धाकटे भावंड कडेवर, केरवारा उरकावयाचा, पाणी भरावयाचे; मग शाळा. पूर्वेकडील गावांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेव्हा रांगेत हंडा घेऊन कोण उभे राहते, हे विचारावयासच नको.

विणकराच्या घरी याखेरीज आणखी एक काम असते. कर्ती माणसे पैठणीच्या मागावर बसली, की रेशीम उकलणे, कांड्या भरणे ही हाताखालची कामे इतरांकडे येतात. लहान बोटे ती चटकन उचलतात, आणि धोका तेथेच आहे. कारण कांडीवाचून धोटा थांबला, की दप्तर घेऊन निघालेल्या मुलास हाक बसते. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली झालेल्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलास घरच्या, धोक्याच्या नसलेल्या व्यवसायात मदत करण्याची मुभा ठेवली आहे. परंतु ती शाळेच्या वेळेनंतर वा सुट्टीतच. ही मर्यादा पालकांस दरडावून न सांगता ओसरीवर बसून सांगावी. सकाळच्या कांड्या मोठ्यांनी आदल्या रात्रीच भरून ठेवल्या, तर पुष्कळसा प्रश्न मिटतो.

मुलांनी घरकाम करूच नये, असे माझे म्हणणे नाही. मात्र काम एकाच मुलास चिकटू देऊ नये. चुलत भावंडे धरून सात-आठ मुले असलेल्या घरी दर सोमवारी काम पुढच्याकडे जावे, आणि सोडणाऱ्याने घेणाऱ्यास पहिल्या दिवशी ते शिकवावे. सहा वर्षांच्या मुलास कोंबड्यांना दाणे टाकणे, ताटे-वाट्या मांडणे सहज जमते. चूल आणि विहीर मात्र मोठ्यांकडेच असावी. तान्ह्या मुलाचा सांभाळ हेही मोठ्यांचेच काम होय. आपण ते मुलीचे खेळणे समजतो, एवढेच.

अडते ते मुलग्यांपाशी. केर काढताना कोणी पाहिले, तर खराटा दाराआड जातो. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’त आजारी आईऐवजी वडाला प्रदक्षिणा घालावयास श्याम लाजतो; तो प्रसंग वर्गात वाचावा, आणि लाज नेमकी कशाची वाटली, हे मुलांनाच बोलू द्यावे. आपण स्वतः मात्र वर्ग झाडण्याची पाळी केवळ मुलींकडे देत असू, तर हे वाचन व्यर्थ आहे.

पालकांच्या भेटीस जाताना बाजाराचा दिवस टाळावा, आणि बोलणे शक्यतो आजीशी करावे. कामाची वाटणी बहुतेक घरी तीच करते. वडील मान डोलावतात.