घरचा कॉम्प्युटर आणि नवी विंडोज



आज बचतीचं, कर्जाचं, पापड-मसाल्याचं काही बोलायचं नाही. आज बोलायचंय घरातल्या कॉम्प्युटरबद्दल. हसू नका. आपल्या भागातल्या पुष्कळ गटांचे हिशेब आता वहीच्या जोडीला कॉम्प्युटरवरही असतात, आणि तो कॉम्प्युटर बहुतेक वेळा कुणातरी ताईंच्या घरी शिलाई मशीनच्या शेजारी ठेवलेला असतो. दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास त्याच्या पडद्यावर एक सूचना यायला लागली, की विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपते आहे. लगेच आम्हाला फोन सुरू झाले. कुणी म्हणालं, आता मशीन बंद पडणार. कुणाला दुकानदारानं सांगितलं, हे भंगार झालं, नवं घ्या. एकीला तर पाचशे रुपयांत नवी विंडोज टाकून देणाराही भेटला.

म्हणून आम्ही, म्हणजे समन्वयक आणि हिशेब लिहिणाऱ्या तिघीजणी, दोन घरची मशीनं समोर ठेवून बसलो. काय केलं, का केलं, ते आज सांगतो.

आधी विंडोज म्हणजे काय ते बघू. कॉम्प्युटर म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. दाबलेलं अक्षर पडद्यावर आणायचं, फाईल जागेवर ठेवायची, प्रिंटरला निरोप द्यायचा, ही कामं बघायला आत एक कारभारीण असते. तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या कारभारणीचं नाव विंडोज. विंडोज १० आली जुलै २०१५ मध्ये. तिची धाकटी जाऊ विंडोज ११ आली ऑक्टोबर २०२१ मध्ये.

आता मुदत संपली म्हणजे काय झालं? आपण दरवर्षी मृगाच्या आधी घर शाकारतो. फुटलं कौल बदलतो, उंदरानं पाडलेलं भोक बुजवतो. विंडोजलाही अशी भोकं पडतात, म्हणजे चोराला आत शिरायची वाट सापडते. ती बुजवायला कंपनी दर महिन्याला दुरुस्ती पाठवते. तेच ते अपडेट. १४ ऑक्टोबरनंतर विंडोज १० ला ही फुकटची शाकारणी आपोआप मिळायची बंद झाली. घर त्याच दिवशी पडत नाही. मशीन चालूच राहतं, फाईली उघडतात, प्रिंट निघते. पण नवं भोक पडलं तर ते तसंच राहतं.

याचं काय होतं ते जगानं २०१७ च्या मे महिन्यात बघितलंय. वॉनाक्राय नावाचा व्हायरस आला. त्यानं फाईलींना कुलूप घातलं आणि किल्लीसाठी पैसे मागितले. ज्या भोकातून तो शिरला, त्याची दुरुस्ती कंपनीनं दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलेली होती. ज्यांनी ती लावली नव्हती ते सापडले. इंग्लंडमधल्या दवाखान्यांचं काम अडलं, आपल्याकडे आंध्रातल्या पोलिसांचे कॉम्प्युटर अडकले. पुढच्याच महिन्यात तसल्याच दुसऱ्या हल्ल्यात उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं काम थांबलं. म्हणजे हे लांबचं दुखणं नाही.

तरीपण आम्ही घाई केली नाही. पहिल्या दिवशी तर कॉम्प्युटर चालूही केला नाही. वही घेतली आणि ज्या ताईंचं मशीन, त्यांना विचारलं, यावर काय काय होतं ते सांगा. पाच गटांचे हिशेब. मसाल्याच्या पाकिटांची लेबलं. गावातल्या लोकांना सातबारा आणि आठ-अ काढून देणं. पोरांचे शिष्यवृत्तीचे फॉर्म. अंगठ्याचं मशीन लावून होणारी कामं. यातून ताईंना महिन्याला अडीच हजारांच्या आसपास सुटतात. आणि एका फोल्डरमध्ये ६३ बायकांच्या आधारकार्डाच्या आणि पासबुकाच्या प्रती, फॉर्म भरताना घेतलेल्या, तशाच राहिलेल्या.

तेव्हा एक काकू म्हणाल्या, "म्हणजे डबा हिचा, पण आत आधार माझं. मग ठरवताना मलाबी विचारा की." अगदी बरोबर बोलल्या. कॉम्प्युटर घरचा असला तरी आतला ऐवज गावाचा आहे. घरच्या पोराच्या गेमसाठीचं मशीन आणि हे मशीन, यांना एक नियम लावता येत नाही. नुसती लेबलं छापायची असतील तर इंटरनेटची वायर काढून जुनी विंडोज खुशाल चालवा. पण जिथं बँकेचं आणि आधारचं काम होतं, तिथं शाकारणी बंद झालेलं घर चालणार नाही, एवढं आमचं त्या दिवशी ठरलं.

आणि एक काम लगेच केलं. ज्यांचे फॉर्म मंजूर झाले होते त्यांच्या प्रती काढून टाकल्या, रिसायकल बिनमधूनसुद्धा. ६३ च्या ११ राहिल्या. ह्याला पैसा लागत नाही, विंडोज कुठलीही असो.

मग मशीन तपासलं. सेटिंगमध्ये सिस्टीम, त्यात शेवटी अबाऊट, तिथं प्रोसेसरचं नाव आणि रॅम दिसते. विंडोज ११ ला रॅम कमीत कमी ४ जीबी लागते, साठवायला ६४ जीबी जागा लागते, आणि टीपीएम २.० नावाची एक सुरक्षेची सोय मशीनमध्ये असावी लागते. शिवाय प्रोसेसर फार जुना चालत नाही. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आय-३ किंवा आय-५ च्या पुढच्या आकड्यावरून ही पिढी कळते. ८१०० असेल तर आठवी, ४१७० असेल तर चौथी. आमच्या ताईंचा निघाला ४१७०. म्हणजे विंडोज ११ चा प्रश्नच मिटला. काही दुकानदार अशा मशीनवरही ती कशीतरी बसवून देतात, पण मग पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. ज्यासाठी एवढी खटपट करायची, तेच हातात राहत नाही. पाचशे रुपयांची चोरटी विंडोज तर घेऊच नका. कुलूप तोडून आणलेल्या मालाबरोबर आणखी काय आलंय हे आपल्याला दिसत नाही. मशीन लायक असेल आणि आतली विंडोज १० अस्सल असेल, तर ११ फुकट मिळते.

दुसऱ्या ताईंचा लॅपटॉप २०२० चा, दहाव्या पिढीचा. तो लायक होता. त्याच्यावर विंडोज ११ घेतली. त्याआधी सगळ्या फाईली दोन पेनड्राईव्हवर उतरवल्या, उघडून बघितल्या आणि एक पेनड्राईव्ह दुसरीच्या घरी ठेवला. डाउनलोड चार-पाच जीबीच्या वर असतं. आपला मोबाईलचा रोजचा दीड जीबीचा पॅक दुपारीच संपतो, म्हणून शाळेशेजारी जिथं वायफाय आहे तिथं जाऊन बसलो. चार्जर लावून, लाईट जायची वेळ टाळून. मधेच लाईट गेली तर लॅपटॉप बॅटरीवर तग धरतो, डेस्कटॉपला मात्र यूपीएस नसेल तर हे काम करूच नका. अडीच तास लागले. फाईली जागेवर होत्या, मराठी टायपिंगही होतं तसं राहिलं. जुना प्रिंटर रुसला. त्याचं सॉफ्टवेअर प्रिंटरच्या कंपनीच्या साईटवरून पुन्हा घ्यावं लागलं. पटलं नाही तर १० दिवसांच्या आत त्याच सेटिंगमधून परत जुन्या विंडोजवर जाता येतं, म्हणून पहिल्याच आठवड्यात सगळी कामं एकदा करून बघा. आणि मार्चअखेरीला, ऑडिटच्या तोंडावर यात हात घालू नका.

आता पहिल्या ताईंचं काय? इथं आमची खरी चर्चा झाली. नव्या मशीनचा भाव आला ३८ हजार. जुन्या मशीनच्या कर्जाचा शेवटचा हप्ता त्यांनी ऑगस्टमध्ये भरलेला. आमच्यातल्या दोघींचं म्हणणं, एकदाच घ्या आणि मोकळ्या व्हा. पण गटाच्या दोन टक्क्यांनी पहिल्याच महिन्याचं व्याज ७६० रुपये होतं, वर मुद्दलाचा हप्ता, आणि कमाई अडीच हजार. आम्हाला ते पटलं नाही.

ताईंची मुलगी कॉलेजात शिकते. ती म्हणाली, लिनक्स टाका, फुकट आहे. खरंय ते. लिनक्स ही दुसरीच कारभारीण, कुणा एका कंपनीच्या मालकीची नाही. केरळातल्या सरकारी शाळांमध्ये मुलं वर्षानुवर्षं तिच्यावरच शिकतात. आपल्या पुण्याच्या सी-डॅकनंही बॉस नावाची तिची भारतीय आवृत्ती काढली आहे, तिच्यात मराठी चालतं. मुलीनं लिनक्स मिंट पेनड्राईव्हवरून चालवून दाखवलं, मशीनमधलं काही न पुसता. जुनं मशीन पळायला लागलं की! हिशेबाच्या एक्सेलच्या फाईली लिब्रे ऑफिसमध्ये उघडल्या, बेरजा जुळल्या. पण लेबलं जुन्या मराठी फॉन्टमध्ये होती, ती अगम्य अक्षरं होऊन आली, आणि अंगठ्याचं मशीन तिथं चाललंच नाही. ताईंची अर्धी कमाई अंगठ्यावर. नाहीतर आम्ही लिनक्सच घेतलं असतं. ज्यांचं काम फक्त हिशेब, पत्रं आणि इंटरनेटचं आहे, त्यांनी ते जरूर बघावं. लेबलं मात्र सगळ्यांनीच आता युनिकोडमध्ये लिहायला लागा, ती कुठल्याही मशीनवर उघडतात.

शेवटी मधली वाट निघाली. विंडोज १० च्या घरगुती मशीनसाठी कंपनीनं सुरक्षेच्या दुरुस्त्यांची वाढीव सोय दिली आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज अपडेटच्या पानावर नाव नोंदवायची जागा येते. मायक्रोसॉफ्टचं खातं उघडून मशीनच्या सेटिंग त्या खात्यात जपून ठेवायला हो म्हटलं, तर पैसे पडत नाहीत. नाहीतर ३० डॉलर मागतात. खात्याचा पासवर्ड वहीत लिहा, पण मॉनिटरला चिकटवू नका. आम्ही तोही प्रकार बघितलाय.

ताईंनी ही नोंदणी केली. आणि गटात ठरलं, की त्यांनी डिसेंबरपासून दहा महिने दीड-दीड हजार बाजूला टाकायचे. त्याचे १५ हजार होतील, मग कर्ज लागेल २३ हजारांचं. पहिल्या महिन्याचं व्याज ४६० वर येतं. १३ ऑक्टोबर ही तारीख गटाच्या ठराव-वहीत लिहून ठेवली आहे, म्हणजे पुन्हा ऐनवेळी धावपळ नको. ज्यांच्या प्रती त्या मशीनमध्ये आहेत त्या ११ जणींनाही हे वाचून दाखवलं. काकूंनी सही केली.

एक सावधगिरी. "मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय, तुमची विंडोज संपली, मी सांगतो ते ॲप टाका" असा फोन आला तर ठेवून द्या. कंपनी असे फोन करत नाही. पैसे गेलेच तर तासाचाही उशीर न करता १९३० वर तक्रार करा.

दर गुरुवारी दुपारी २ ते ५ आमच्यातली एक जण ग्रामसंघाच्या कार्यालयात असते. मशीनबद्दल विचारायला येताना त्या अबाऊटच्या पानाचा फोटो मोबाईलवर काढून आणा आणि मशीनवर होणाऱ्या कामांची यादी आणा. अख्खा कॉम्प्युटर आणू नका. गेल्या गुरुवारी एक वहिनी चादरीत बांधून एस.टी.नं घेऊन आल्या होत्या.