खलनायक नायक होतो तेव्हा



महाभारतातील आवडते पात्र कोणते, असे विचारले की मराठी वाचक अर्जुनाआधी कर्णाचे नाव घेतो. १९६७ साली शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आली, १९७३ साली रणजित देसाईंची ‘राधेय’. आणि अधर्माच्या बाजूने लढलेला महारथी मराठी घराघरांत नायक झाला. ‘मृत्युंजय’मध्ये तर दुर्योधनही स्वमुखाने आपली बाजू मांडतो.

हे आकर्षण विकृत मानण्याचे कारण नाही. सद्गुणी नायकापुढे वाचक हात जोडतो. चुकणाऱ्या माणसात मात्र तो स्वतःला पाहतो. अपमान, उपेक्षा, मित्राचे ऋण या वाटांनी माणूस अधर्मापर्यंत कसा पोहोचतो, हे जाणणे म्हणजे आत्मपरीक्षणच. प्रश्न पुढचा आहे. समजून घेणे कोठे संपते आणि दोषमुक्त करणे कोठे सुरू होते?

याचे उत्तर व्यासांपाशीच आहे. द्यूतसभेत द्रौपदीविषयी अत्यंत हीन शब्द कर्णाच्या तोंडी आहेत. तिची वस्त्रे उतरविण्याची आज्ञाही त्याचीच. व्यास हे झाकत नाहीत आणि साऱ्या सभेला निरुत्तर करणारा द्रौपदीचा प्रश्नही गाळत नाहीत. पुढे उद्योगपर्वात कर्ण श्रीकृष्णापाशी कबूल करतो की, दुर्योधनाला प्रसन्न करण्यासाठी आपण पांडवांना कटू बोललो आणि आता त्याचा पश्चात्ताप होतो. कर्णाची उंची या कबुलीत आहे. उलट, स्वयंवरात द्रौपदीने सूतपुत्र म्हणून त्याला झिडकारल्याचा जो प्रसंग त्याच्या बचावासाठी सांगितला जातो, तो पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीतील मुख्य संहितेत नाही.

आचार्य अत्र्यांनीही हे भान राखले. १९६२ साली रंगभूमीवर आलेल्या ‘तो मी नव्हेच’मध्ये प्रभाकर पणशीकरांच्या लखोबा लोखंडेला प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले. त्याच्या हजरजबाबीपणावर नाट्यगृह हसत असे. परंतु नाटक घडते न्यायालयात, आणि फसविल्या गेलेल्या स्त्रिया तेथे साक्षीला उभ्या असतात. नायक खल असला तरी साक्षीदाराचा पिंजरा रिकामा नव्हता. खलनायकाच्या कथेला लावायचा निकष हाच.

तो आपल्या मातीला लावून पाहावा. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी हा लातूरचा वकील. न्यायालयात अशिलांची कामे चालविणारा माणूस निजामी राजवटीच्या अखेरीस सशस्त्र टोळ्यांचा सेनापती कसा झाला, हा कोणत्याही कादंबरीकाराला मोह पडावा असा विषय आहे. १९४८ साली हैदराबाद मुक्त झाल्यावर तो तुरुंगात गेला आणि १९५७ साली सुटून पाकिस्तानात निघून गेला. उद्या कुणी त्याला नायक करून लिहिले, तर केवळ तेवढ्याने संतापण्याचे कारण नाही. त्या कथेत जळालेली गावे आहेत का, सीमेवरील शिबिरांत राहून लढलेले तरुण आहेत का, स्वामी रामानंद तीर्थांचा सत्याग्रह आहे का, हे मात्र विचारले पाहिजे. रझाकारांविरुद्ध निर्भयपणे लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्लाखान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हत्या झाली, एका मुस्लिम पत्रकाराची ती साक्षही तेथे हवी. आणि पोलीस कारवाईनंतर निरपराध मुसलमानांना सूडाची झळ बसली, तेही लपविता कामा नये. सत्याला आपल्या सोयीची बाजू नसते.

नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर यांनी महाभारताची आणि हैदराबाद मुक्तिलढ्याची सारख्याच चिकित्सक बुद्धीने मांडणी केली. १९८२ साली ते गेले. त्यांच्यासारखा जाणकार आता नाही, आणि प्रत्यक्षदर्शीही फार थोडे उरले आहेत. १९४८ साली दहा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदीला टेकला आहे.

खलनायकाला वकील नेहमीच मिळतो, कारण त्याची कथा रंगतदार असते. पीडिताची साक्ष मात्र कुणीतरी बसून लिहून घ्यावी लागते. नांदेड-लातूरच्या खेड्यांत ओसरीवर बसलेल्या त्या वृद्धांपाशी वही घेऊन जाणे, हे आजच्या तरुणांचे काम आहे. पिंजरा रिकामा राहिला, तर उद्याच्या कादंबरीला दोष देण्याचा अधिकार आपल्याला उरणार नाही.